रिसीव्हर पाठीमागून बघून घ्यावा

दुकानात स्टिरिओ रिसीव्हर मांडलेला असतो तो तोंड पुढे करून. रुंद काळा किंवा रुपेरी चेहरा, त्यावर मोठा गोल नॉब, बटण दाबलं की उजळणारे आकडे. विक्रेता नॉब फिरवतो, आवाज चढतो, गिऱ्हाईक खूश. पण नॉब सगळ्यांचाच फिरतो. हा डबा तुमच्या खोलीत, तुमच्या स्पीकरना आणि तुम्ही जे ऐकता त्याला उपयोगी पडेल की नाही, हे त्याच्या पाठीवर लिहिलेलं असतं. तेव्हा दुकानात पहिली विनंती हीच करावी: जरा उलटा फिरवून दाखवता का?

'रिसीव्हर' हे नाव रेडिओमुळे पडलं. एका डब्यात तिघे जण काम करतात. ट्यूनर रेडिओ पकडतो. प्रीअँप्लिफायर कुठलं उपकरण ऐकायचं ते निवडतो आणि आवाज, बेस, ट्रेबल सांभाळतो. पॉवर अँप्लिफायर त्या नाजूक सिग्नलमध्ये स्पीकरचा पडदा हलवण्याइतका जोर भरतो. यातून ट्यूनर काढला की उरतो तो इंटिग्रेटेड अँप्लिफायर. रेडिओ ऐकायचाच नसेल तर तो घेतलात तरी चालेल. खाली लिहिलेलं बहुतेक सगळं त्यालाही लागू आहे.

त्याच किमतीत शेजारी पाच किंवा सात चॅनलचा, म्हणजे तितके स्पीकर चालवणारा, टीव्ही-सिनेमासाठीचा एव्ही रिसीव्हर ठेवलेला असतो आणि 'यात जास्त मिळतं' असं सांगितलं जातं. मिळतं खरं, पण तेच पैसे सात अँप्लिफायर, एचडीएमआयचं सर्किट आणि सिनेमाच्या आवाजाचे परवाने यांत वाटले जातात. सातही चॅनलांना वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर एकच असतो. फक्त गाणी ऐकायची असतील तर दोन चॅनलचाच घ्यावा. याला एक अपवाद आहे, तो सबवूफरच्या, म्हणजे खर्जासाठीच्या वेगळ्या स्पीकरच्या, जागी येईल.

वॅटचा हिशेब

नव्वदच्या दशकातल्या टेपरेकॉर्डरवर हजारो वॅट पीएमपीओचे चमकदार स्टिकर असायचे. त्या पीएमपीओला सर्वमान्य मोजमापच नव्हतं, त्यामुळे ज्याला जो आकडा आवडेल तो त्याने छापावा. स्टिकर गेले, आकडा फुगवायची खोड राहिली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने घरगुती अँप्लिफायरचे वॅट कसे सांगायचे याचा नियम १९७४ मध्येच केला होता, तो याच खोडीला वैतागून.

वॅटचा आकडा दिसला की चार गोष्टी विचारायच्या. किती ओहमवर, म्हणजे स्पीकरचा विजेला विरोध किती धरून? किती हर्ट्झपासून किती हर्ट्झपर्यंत? किती टक्के डिस्टॉर्शनला, म्हणजे आवाज किती बिघडेपर्यंत? दोन्ही चॅनल एकदम चालू असताना, की एकच? यामाहाचा आर-एस२०२ हा साधा, फारसा महाग नसलेला रिसीव्हर आहे. त्याची कंपनी सांगते: ८ ओहमवर, ४० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.२ टक्के डिस्टॉर्शनला दर चॅनलला १०० वॅट. हा सरळ बोललेला आकडा. याउलट '१५० वॅट, ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के, एक चॅनल चालू' असं बारीक अक्षरात दिसलं, तर दीडशे हा आकडा तुमच्या कामाचा नाही. १० टक्के डिस्टॉर्शन म्हणजे लहरीचे माथे छाटले गेलेले असतात. तोच अँप १ टक्क्याला मोजला तर आकडा बराच खाली येतो, आणि १ किलोहर्ट्झवर मोजल्यामुळे खालच्या सुरांना लागणारा जोर हिशेबात धरलेलाच नसतो.

मागच्या पट्टीवर 'वीज वापर' म्हणून एक आकडा छापलेला असतो, त्यावरून वाद घालू नये. शंभर अधिक शंभर वॅट देणारा डबा पावणेदोनशेच वॅट खातो असं दिसलं की लोकांना फसवणूक वाटते. ती नोंद पूर्ण ताकदीवर घेतलेली नसते. नेहमीच्या वापराचा अंदाज म्हणून बहुधा एक अष्टमांश ताकदीवर घेतलेली असते.

आता तुम्हाला किती लागतात ते पाहू. स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी दिलेली असते, समजा ८७ डेसिबल. म्हणजे एक वॅट दिला तर एक मीटरवर ८७ डेसिबल आवाज. दहा बाय चौदा फुटांची खोली आहे आणि दोन स्पीकरपासून तुम्ही अडीच मीटरवर बसलात. अंतराने आवाज उतरतो, दुसरा स्पीकर आणि भिंती त्यातला काही परत देतात. ढोबळमानाने एक-एक वॅटवर बसल्या जागी ८४-८५ डेसिबल मिळतात. निवांत ऐकणं ७० ते ७५ डेसिबलवर चालतं. १० डेसिबल खाली यायचं म्हणजे दहावा हिस्सा ताकद. म्हणजे रविवारी सकाळी ख्याल लावून चहा पिताना रिसीव्हर एका वॅटचा दहावा भाग खर्च करत असतो.

मग बाकीचे वॅट कशाला? तबल्यासाठी. तानपुरा आणि आलाप यांची पातळी एक आणि डग्ग्यावरची कडक थाप दुसरी. मूळ पातळीपेक्षा ती क्षणभर १५-२० डेसिबल वर उडते. २० डेसिबल म्हणजे शंभरपट. दशांश वॅटचे त्या क्षणी १० वॅट होतात. जरा मोठ्याने ऐकलं, ८० डेसिबलवर, तर तीच थाप ३० वॅटच्या पुढे जाते. म्हणून साध्या खोलीसाठी ८ ओहमवर खरे ४० ते ६० वॅट पुरून उरतात. पन्नासाच्या जागी शंभर घेतले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, म्हणजे कानाला 'थोडा मोठा' एवढंच. त्याच पैशांत ८४ ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर मिळत असेल तर ६ डेसिबल वाढतात, म्हणजे अँप चौपट केल्यासारखं. आधी स्पीकर ठरवावा, मग रिसीव्हर. उलटा क्रम महागात पडतो.

नॉब अर्ध्यावर आहे म्हणजे ताकदही अर्धी शिल्लक आहे, हा आणखी एक भाबडा समज. सीडी प्लेअर साधारण दोन व्होल्टचा सिग्नल देतो. तेवढ्यावर बरेच रिसीव्हर नॉब दोनतृतीयांशाला पोचायच्या आत पूर्ण ताकदीला लागतात. त्यापुढे नॉब फिरवून आवाज वाढत नाही, फक्त फाटतो. फाटलेल्या आवाजात वरच्या सुरांची ऊर्जा जास्त असते, आणि ती सतत जाते ट्विटरकडे, म्हणजे वरचे सूर काढणाऱ्या छोट्या स्पीकरकडे. घरगुती कार्यक्रमात रात्री अकरा वाजता ट्विटर जळतो तो बहुधा याच कारणाने. तेव्हा 'आपला अँप छोटा आहे, स्पीकरला काय होणार' असं म्हणू नये.

पाठीची सफर

कोपऱ्यात अँटेनाची जागा असते. बरोबर येणारी इंग्रजी 'टी' अक्षरासारखी वायर बहुतेकांच्या घरी खोक्यातच राहते आणि मग 'रेडिओ खरखरतो' अशी तक्रार येते. त्या वायरचा आडवा हात साधारण दीड मीटरचा असतो. ९८ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी तीन मीटरच्या आसपास, तिचा हा अर्धा. ती गुंडाळून कपाटामागे टाकली की निरुपयोगी. भिंतीवर, शक्यतो खिडकीजवळ, आडवी ताणून चिकटवावी आणि केंद्राच्या दिशेला तिची लांब बाजू यावी. तरीही खरखर राहिली तर मोनोचं, म्हणजे दोन्ही स्पीकरना एकच आवाज देणारं, बटण दाबून बघा. एफएमचा स्टिरिओ सिग्नल मोनोपेक्षा खूपच नाजूक असतो, आणि मोनोत खरखर एकदम खाली बसते.

परदेशातून भावाने किंवा मुलीने रिसीव्हर आणला असेल तर ट्यूनरची तपासणी आधी करावी. खास जपानी बाजारासाठी बनलेल्या जुन्या संचांचा एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ असतो. आपली खासगी केंद्रं ९१ च्या पुढे आहेत, त्यामुळे असा सुंदर डबा मुंबईत रेडिओपुरता मुका. अमेरिकी डिजिटल ट्यूनरची अडचण वेगळी. त्यांतले काही ०.२ मेगाहर्ट्झच्या उड्या मारतात: १००.९, मग थेट १०१.१. पुणे आकाशवाणीचं १०१ नेमकं मधे सापडतं. मीडियम वेव्हवर अमेरिकेत १० किलोहर्ट्झची पावलं, आपल्याकडे ९ ची. मुंबई आकाशवाणीची अस्मिता वाहिनी ५५८ वर, पुणे ७९२ वर. दोन्हींना ९ ने भाग जातो, १० ने नाही. अनेक संचांत ही पावलं बदलायची सोय दडवलेली असते, कधी मागे छोटा स्विच, कधी एखादं बटण दाबून धरत संच चालू करायचा. माहितीपुस्तिकेत शोधावं.

पुढे लाल-पांढऱ्या आरसीए सॉकेटच्या जोड्या. त्यांतल्या एकीवर 'फोनो' लिहिलेलं आहे का, आणि शेजारी ग्राउंडचा छोटा स्क्रू आहे का, ते बघा. तबकड्या ऐकणाऱ्यांसाठी हा मुद्दा सगळ्यांत मोठा. मूव्हिंग मॅग्नेट जातीची सुई ३ ते ५ मिलिव्होल्ट देते. सीडी प्लेअरच्या मानाने काहीशे पटींनी कमी. शिवाय तबकडी कापताना बेस मुद्दाम कमी आणि ट्रेबल मुद्दाम जास्त भरलेला असतो, नाहीतर खाचा एकमेकींत घुसल्या असत्या. फोनो सर्किट सिग्नल वाढवतं आणि हा बदल उलटा फिरवून आवाज सरळ करतं. फोनो नसलेल्या जागी टर्नटेबल जोडला की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, किरटा आणि मंद येतो. फोनोत सीडी प्लेअर घातला तर बेसने घर दणाणतं आणि सगळं फाटतं. आजच्या अनेक टर्नटेबलांच्या पोटातच हे सर्किट असतं आणि मागे 'फोनो / लाइन' असा स्विच असतो. रिसीव्हरची फोनो सोय वापरणार असाल तर तो स्विच फोनोवर ठेवायचा. दोघांनी दुरुस्ती केली तर गाणं बिघडतं.

वर उल्लेखलेल्या आर-एस२०२ ला फोनो नाही. सोनीच्या एसटीआर-डीएच१९० ला आहे. दोन्ही साध्या वर्गातले, चेहऱ्यावरून फरक कळणार नाही. फोनो नसला म्हणून डबा बाद होत नाही, वेगळा फोनो प्रीअँप मिळतो. फक्त ती किंमत हिशेबात धरायची. नाट्यसंगीताच्या जुन्या ७८ च्या तबकड्या असतील तर आणखी दोन गोष्टी लागतात: त्यांच्या रुंद खाचेसाठी वेगळी जाड सुई, आणि शक्य असेल तर रिसीव्हरवर मोनो स्विच. त्या तबकड्यांत गाणं आडव्या हालचालीत कोरलेलं असतं. मोनो केलं की उभ्या हालचालीतून येणारी करकर एकमेकींना खोडून टाकते.

साध्या लाइन इनपुटबद्दल सांगण्यासारखं थोडंच: तुमच्याकडच्या उपकरणांपेक्षा एक जोडी जास्त असावी.

डिजिटल इनपुट, म्हणजे चौकोनी झाकणाचं ऑप्टिकल किंवा एकच आरसीए असलेलं कोअॅक्सियल, टीव्हीसाठी लागतं. नव्या टीव्हींना आवाजाची जुनी लाल-पांढरी सॉकेट नसतातच. इथे एक घोळ घरोघरी होतो. वायर नीट बसली आहे, रिसीव्हर 'ऑप्टिकल'वर आहे, यूट्यूब वाजतं, पण एखादा सिनेमा लावला की शांतता. टीव्ही त्या वेळी डॉल्बीचा बांधलेला प्रवाह पाठवत असतो आणि स्टिरिओ रिसीव्हरला तो सोडवता येत नाही. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'ऑटो' किंवा 'बिटस्ट्रीम' असेल ते 'पीसीएम' करा. दुरुस्तीला संच न्यायची गरज नाही. ऑप्टिकलची दुसरी गैरसोय अशी की टीव्हीच्या रिमोटने रिसीव्हरचा आवाज कमीजास्त होत नाही. ती सोय हवी असेल तर एचडीएमआय एआरसी, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरीतून घेण्याची सोय, असलेला स्टिरिओ रिसीव्हर बघावा लागतो. तो असतो, पण वरच्या किमतीत.

ब्लूटूथ आता बहुतेकांना असतो. गाण्यांसाठी उत्तम, टीव्हीसाठी नाही, कारण आवाज किंचित उशिरा पोचतो आणि बोलणाऱ्याचे ओठ पुढे जातात. रोज फोनवरूनच ऐकणार असाल तर वाय-फाय असलेला घ्यावा. त्यात फोन फक्त 'हे लाव' एवढं सांगतो, गाणं रिसीव्हर स्वतः इंटरनेटवरून घेतो. मध्येच फोन आला तर गाणं अडत नाही.

आता सबवूफर. 'सब आउट' लिहिलेलं एकच सॉकेट असतं, त्याला स्वतःचा अँप असलेला सबवूफर जोडायचा. बहुतेक साधे स्टिरिओ रिसीव्हर तिथून फक्त खालचे सूर बाहेर काढतात. मुख्य स्पीकरना मात्र पूर्ण सिग्नल जातच राहतो. म्हणजे छोटे स्पीकर खर्जाशी झुंजतच राहतात. एव्ही रिसीव्हर ८० हर्ट्झच्या खालचं सबवूफरकडे आणि वरचं स्पीकरकडे, अशी नीट वाटणी करतो, आणि मायक्रोफोन लावून खोलीप्रमाणे बेसही सुधारतो. रिसीव्हरबरोबर चार-पाच इंची वूफरचे (खालच्या सुरांच्या पडद्याचे) छोटे स्पीकर आणि सबवूफर असा बेत असेल, तर संगीतासाठीसुद्धा एव्ही रिसीव्हर शहाणपणाचा ठरू शकतो. हाच तो अपवाद.

लाल, काळं आणि ओहम

स्पीकरची टर्मिनल दोन प्रकारची. दाबून वायर खुपसायची स्प्रिंगची, किंवा पिळून आवळायची, ज्यांत बनाना प्लगही बसतो. दुसरी बरी. स्प्रिंगवाल्यांत जाड वायर शिरतच नाही.

ए आणि बी अशा दोन जोड्या असतात, एक बैठकीत, एक आतल्या खोलीत अशा वापरासाठी. दोन्ही एकदम चालू केल्या की बहुतेक संचांत ते स्पीकर समांतर जोडले जातात आणि ओहम निम्मे होतात. ८ ओहमच्या दोन जोड्या म्हणजे ४; ६ ओहमच्या दोन म्हणजे ३. टर्मिनलशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, 'ए किंवा बी: किमान इतके ओहम, ए अधिक बी: किमान तितके'. ती ओळ वाचल्याशिवाय दुसरी जोडी विकत घेऊ नका. ओहम कमी झाले की करंट वाढतो, डबा तापतो आणि एका टप्प्यावर आतला रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, 'टक्' करून सगळं बंद करतो. काही संचांना मागे '८ / ४ ओहम' असा स्विच असतो. खालच्या बाजूला टाकला की आतला पुरवठा कमी होतो, डबा थंड राहतो आणि ताकदही घटते. साध्या स्पीकरना तो ८ वरच असू द्यावा.

वायरसाठी शोरूमच्या मखमली खोक्यांकडे बघायची गरज नाही. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मीटरवर मिळणारी दुपदरी तांब्याची स्पीकर वायर पुरते. पाच मीटरपर्यंत दीड (चौरस) एमएम, त्यापुढे अडीच. हिशेब असा: पाच मीटर जाऊन परत यायचे म्हणजे दहा मीटर तांबं, दीड एमएमच्या वायरमध्ये त्याचा विरोध ०.१२ ओहमच्या आत. ८ ओहमच्या स्पीकरपुढे हे नगण्य. फसगत होते ती दुसरीकडे. बाहेरून तांबूस, आतून अॅल्युमिनियम अशी वायर स्वस्तात मिळते. एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरी निघाली तर ती ठेवून द्या, किंवा एक आकार जाड घ्या.

जोडणी संच बंद करून, प्लग काढून. वायरची टोकं एक सेंटिमीटरच सोलायची, तारा घट्ट पिळायच्या, आणि टर्मिनलमध्ये घातल्यावर एखादी तार मिशीसारखी बाहेर राहून शेजारच्याला शिवत नाही ना ते बॅटरीच्या उजेडात पाहायचं. चालू केल्यावर तीन-चार सेकंदांनी रिलेचा 'टक्' येतो, तो चांगला. आला आणि लगेच पुन्हा 'टक्' झालं, तर कुठेतरी तार शिवली आहे.

लाल लालला, काळं काळ्याला. एका स्पीकरचं उलटं झालं तरी काही जळत नाही, आवाजही येतो, म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं टिकते. ओळख: बेस गायब, आणि गायकाचा आवाज दोन स्पीकरच्या मधोमध न येता कुठूनतरी भिंतीतून आल्यासारखा. वायरवर खूण नसेल तर स्पीकर रिसीव्हरपासून सोडवून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावा. वूफरचा पडदा बाहेर उडाला तर सेलची अधिक बाजू ज्या वायरला लावली ती लाल टर्मिनलची.

जुना घ्यायचा तर

सत्तरच्या दशकात जपानी आणि अमेरिकी कंपन्यांत वॅटची चढाओढ लागली होती. पायोनियरचा १९७८ चा एसएक्स-१९८० दर चॅनलला २७० वॅट द्यायचा आणि त्याचं वजन ३५ किलोच्या घरात होतं. त्या काळचे अॅल्युमिनियमच्या तोंडाचे, निळ्या-हिरव्या उजेडाचे संच आजही चोरबाजारात आणि ऑनलाइन फिरतात. दिसतात देखणे, पण चाळीस-पन्नास वर्षांचा अँप्लिफायर म्हणजे दुरुस्तीचा खर्च धरूनच घ्यायची वस्तू.

आधी व्होल्टेज. अमेरिकेचा संच १२० व्होल्टचा, जपानचा १००. आपल्या २३० च्या सॉकेटला लावला की फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जळतो. मागे व्होल्टेज बदलायची चकती असेल तर ती २२० किंवा २४० वर आणावी. नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, मागच्या पट्टीवरच्या वीज वापराच्या किमान दुप्पट क्षमतेचा. हेअर ड्रायरसाठी मिळणारे हलके कन्व्हर्टर चालत नाहीत.

बघायला जाताना मोबाइल, त्याला जोडायची आरसीए वायर, छोटे टाकाऊ स्पीकर आणि मल्टिमीटर न्यावा. प्रत्येक नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावा. खरखर झाली तर घाबरू नका, ती बहुधा धूळ आणि गंज. इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. दारांच्या बिजागऱ्यांना मारायचा स्प्रे मात्र त्यात मारू नये. गाणं नसताना आवाज शून्यावर ठेवूनही सतत जाडसर घूंघूं ऐकू येत असेल आणि आवाजाचा नॉब फिरवून ती बदलत नसेल, तर वीजपुरवठ्याचे मोठे कपॅसिटर थकलेले असण्याची शक्यता मोठी. मग स्पीकर सोडवून, आवाज शून्यावर ठेवून, मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर लावून लाल-काळ्या टर्मिनलमध्ये मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. शंभराच्या पुढे असेल तर आउटपुटमध्ये काही बिघडलं आहे, आणि तो डीसी तुमच्या वूफरच्या कॉइलला भाजत राहील. ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच संचांत ताकदीचं सगळं काम 'एसटीके' नावाच्या एकाच काळ्या विटेसारख्या आयसीकडे असे. तो गेला असेल तर किंमत पाडूनही घेऊ नये. बाजारात त्याचे नकली भाऊच जास्त सापडतात.

घरी आल्यावर

शोकेसमध्ये काचेमागे रिसीव्हर कोंडू नका. वर किमान दहा सेंटिमीटर मोकळी हवा हवी, आणि वर क्रोशाचा रुमाल, फुलदाणी, सेट-टॉप बॉक्स यांपैकी काही नको. झाकणाच्या झिऱ्या सजावटीसाठी नसतात, गरम हवा तिथूनच बाहेर जाते.

टीव्ही जोडल्यावर नवीच गुणगुण सुरू झाली तर सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा. ती काढताच गुणगुण थांबली, तर गच्चीवरच्या केबलचं आणि घरातलं अर्थिंग वेगवेगळं आहे. टीव्ही ते रिसीव्हर जोडणी ऑप्टिकलने केली की हा प्रश्न मिटतो, कारण त्यातून उजेड जातो, वीज जात नाही.

रात्री हळू ऐकताना बेस नाहीसा झाल्यासारखा वाटतो. दोष रिसीव्हरचा नाही, कानाचा आहे: मंद आवाजात खालचे सूर माणसाला कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं. 'लाउडनेस'चं बटण त्यासाठी असतं. शेजारी झोपल्यावर ते चालू करावं आणि दिवसा आवाज वाढवला की आठवणीने बंद करावं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने हे बटण असलेलाच रिसीव्हर घ्यावा. काहींना ही चैन वाटेल, पण रोज हाताला लागणारी सोय हीच.

कोकणात आणि किनाऱ्यालगत पावसाळ्यात महिनाभर बंद ठेवलेला संच गणपतीत चालू केला की एक बाजू मुकी असते. रिलेच्या आणि नॉबच्या आत दमट हवेने थर चढलेला असतो. त्या चार महिन्यांत आठवड्यातून दोनदा तासभर गाणं लावावं, आतली ऊब दमटपणा बाहेर काढते. न वापरलेल्या आरसीए सॉकेटांना प्लास्टिकच्या टोप्या बसवाव्यात आणि मागची जागा मुंग्या-पालींपासून मोकळी ठेवावी. उबेला पाल आत शिरते आणि दोन टोकांना एकदम शिवली की रिसीव्हरचा बोर्डही जातो, पालही जाते.

सगळं जुळून वाजायला लागलं की मोबाइलवर पाठीचा एक स्पष्ट फोटो काढून ठेवा, आणि प्रत्येक वायरला कागदी पट्टी चिकटवून त्यावर कुठून कुठे ते लिहा. दिवाळीच्या साफसफाईत कोणीतरी कपाट पुढे ओढणारच आहे.